सगळी माणसं समान, असं लिहिणारा

दुखान, कतार
१२ ऑगस्ट १९५३

अब्बाजान, सलाम.

मी अजून सुन्न आहे. इंग्रजी सुधारावं म्हणून तेल कंपनीच्या कॅम्पातल्या अमेरिकन साहेबाकडून त्याच्या देशाच्या इतिहासाचं पुस्तक आणलं. त्या लोकांनी आधी इंग्रजांचा चहा समुद्रात फेकला, मग राजालाच झुगारलं आणि १७७६ साली जाहीरनामा लिहून जगाला सांगितलं की सगळी माणसं जन्मतः समान आहेत. माझ्या अंगावर काटा आला.

ऑफिसात चहा देणाऱ्या मुबारकला मी ते मोडक्या अरबीत सांगितलं. गेल्या वर्षी इथली गुलामगिरी बंद झाली, तोवर तो एका घरचा गुलाम होता. त्यानं विचारलं, "हे लिहिणाऱ्याकडे गुलाम होते?"

मी हसलो. "काहीतरीच काय!"

पुढच्याच पानावर निघालं, शेकडो होते. त्या देशातले गुलाम सुटायला पुढे जवळजवळ नव्वद वर्षं गेली.

खजील होऊन मी ते त्याला सांगितलं. मुबारकला नवल वाटलं नाही. "त्यांना घरचेच म्हणत असतील," तो म्हणाला. "मलाही म्हणायचे."

अब्बा, आपण रुकैयाला घरचीच म्हणतो. सात वर्षांची होती तेव्हा तुम्ही तिला कामाला आणलंत, दोन वेळच्या जेवणावर. आज ती पंचविशीची आहे. तिला कुठे जायचंय का, लग्न करायचंय का, कुणी विचारलं? मीही नाही. तिला लिहा-वाचायला शिकवलं, एवढ्याचाच तोरा मिरवत राहिलो.

हे पत्र पोस्टात टाकवत नाही. तुमची नजर गेल्यापासून माझी पत्रं रुकैयाच तुम्हाला वाचून दाखवते. आणि हे वाचताना तिचा आवाज जराही कापणार नाही, याचीच मला भीती वाटते.

तुमचा,
मन्सूर