दार लावण्याआधीची हाक

२ जून, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क खूश आहे. कोल्ड स्टोरेजमध्ये कोण खूश होतं, असं आईने विचारलं. तिला म्हटलं, बाहेर अंगाची काहिली होत असताना मला पगार देऊन थंडीत उभं करतात, आणखी काय हवं? इमारत लांबट, पांढरी. आत एक पॅसेज, त्याच्या कडेने चार मोठ्या थंड खोल्या, ज्यांना इथे चेंबर म्हणतात, आणि टोकाला ऑफिस. तीन चेंबरांत फळं आणि भाज्या, चौथ्यात गोठवलेले मटार आणि मका, उणे अठरावर. चौथ्याचं दार वीतभर जाड आहे आणि लावताना उसासा टाकतं. मला टेबल मिळालं, कानटोपी मिळाली आणि माझ्यासारख्या दोघी मावतील असं कंपनीचं जाकीट मिळालं.

मॅनेजरसाहेब नोकरी सोडून चालले आहेत. अठ्ठावीस तारखेचा शनिवार त्यांचा शेवटचा. तोवर त्यांनी मला काम शिकवायचं, मग त्यांच्या खुर्चीत मी. साहेब बुटके, नीटनेटके, शांत. मी नमस्कार केला तर त्यांनी माझ्या मागच्या भिंतीकडे बघून मान हलवली. पहिला दिवस आहे, चालायचंच.

५ जून, गुरुवार

चौथ्या चेंबरची आतली कळ मोडलेली आहे. दार चुकून लागलं तर आतल्या माणसाला बाहेर पडता यावं म्हणून प्रत्येक दाराला आतून एक कळ असते. दाबली की दार उघडतं. या दाराला कळीच्या जागी नुसतं भोक आहे. आत कुणी अडकला तर संपलाच. मी तडक साहेबांकडे गेले. त्यांनी खिडकीबाहेर बघत सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बघू."

मशीनकाका, म्हणजे कूलिंगची मशीनं सांभाळणारे आमचे काका, हसले. म्हणाले की हे भिजत घोंगडं फार जुनं आहे, आणि हमाल साहेबांना बघूसाहेबच म्हणतात. सुट्टी मागा, बघू. पंखा बिघडला, बघू. काकांनी मुलीच्या लग्नाचं सांगितलं तेव्हाही बघू.

मी कळ दुरुस्त करून घेणारच. त्याला साहेबांची एक सही लागते, बस.

१० जून, मंगळवार

सहीसाठी सहाव्यांदा गेले. पालथ्या घड्यावर पाणी. हेड ऑफिसला फोन लावला, तर अठ्ठावीसपर्यंत तेच मॅनेजर आहेत, त्यांनाच विचारा, म्हणाले. माणूस मनाने केव्हाच निघून गेलाय आणि खुर्ची अडवून बसलाय.

आज आणखी एक गोष्ट पाहिली आणि डोकंच फिरलं. संध्याकाळी चेंबर लावण्याआधी मॅनेजरने आत हाक मारून खात्री करायची असा नियम आहे. पॅसेजच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलाय. तीन चेंबरांत साहेब निदान डोकावतात तरी. चौथ्याशी आले की हाक नाही, नजर नाही, मान दुसरीकडे वळवून दार ढकलून देतात. तेही ज्या दाराची कळ मोडलीय त्या दाराशी! उद्यापासून हाक मी मारणार, असं मी त्यांना सांगून टाकलं.

या वेळी ते माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "मारू नका." कारण विचारलं तर पुन्हा खिडकी.

११ जून, बुधवार

मारली हाक. आत कोणी आहे का? हमाल पॅसेजमध्ये उभे राहून गंमत बघत होते.

आतून कुणीतरी म्हणालं, "आहे."

अगदी सहज. शाळेत हजेरी द्यावी तसं. मी टॉर्च घेऊन आत गेले, खोक्यांच्या सगळ्या रांगा फिरले. कोणी नाही. बाहेर येऊन माणसं मोजली, सगळी हजर. हमालांपैकीच कुणीतरी नव्या मॅडमची फिरकी घेत असणार, असं धरून मी सगळ्यांना झापलं. कुणी हसलं नाही. मला हसू येत होतं, पण दार लावण्याआधी आत पुन्हा एकदा टॉर्च मारली.

१६ जून, सोमवार

रोज उत्तर येतं. एकही संध्याकाळ चुकलेली नाही. हमालांना विचारलं, त्यांना ऐकू येत नाही म्हणे. खरं की खोटं देव जाणे, पण मी हाक मारायला लागले की ते पॅसेजमधून काढता पाय घेतात.

आज आवाज मशीनकाकांचा होता. "मॅडम, थांबा, मी आहे." मी धावत आत गेले. कोणी नाही. बाहेर आले तर काका मशीनरूममधून चहा घेऊन येत होते. त्यांच्यावर उगीच ओरडले. काकांनी माझ्या हातात चहा दिला.

साहेबांना सगळं सांगितलं. सगळं. ते पेन्सिलीला टोक करत होते. बघू असंसुद्धा म्हणाले नाहीत. मी त्यांच्या टेबलावर हात आपटला, तर त्यांनी पेन्सिलीची टरफलं गोळा केली.

१८ जून, बुधवार

काल दार लावलंच नाही. कसं लावणार? आतून काका रडत होते. काका माझ्या शेजारी उभे होते आणि आतही रडत होते. काकांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी माझा दंड धरून मला ऑफिसात आणलं, घरी पाठवलं. त्यांना वाटलं दार हमाल लावतील. मला वाटलं काका लावतील.

सकाळी मटारांचा चिखल झाला होता. हेड ऑफिसची बोलणी मीच खाल्ली. साहेबांनी माझ्या बाजूने एक शब्द काढला नाही, विरुद्धही नाही. असला माणूस वैऱ्याच्या वाट्यालाही येऊ नये.

२० जून, शुक्रवार

आज साहेब बोलले. जेवणाच्या सुट्टीत, आपणहून, डबा उघडा ठेवून.

नवीन होते तेव्हा तेही हाक मारायचे. त्यांनाही उत्तर यायचं. ओळखीच्या माणसांच्या आवाजात. एकदा रात्रभर दार उघडं ठेवून बसले, आत कोणी नव्हतं. मग ठरवलं की उत्तर द्यायचं नाही, ऐकायचं नाही, दार लावायचं. जमलं. "फक्त एक आहे, मॅडम," ते म्हणाले. "एकाला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं ना, की हळूहळू कुणालाच देता येत नाही. घरी बायको बोलते, मी ऐकत नाही. मुद्दाम नाही हो. होतच नाही."

मला पहिल्यांदाच त्यांची दया आली. म्हटलं, निदान कळ तरी दुरुस्त करू या. ते म्हणाले, मग दार आतून उघडेल. मी म्हटलं, तेच तर हवंय. ते माझ्याकडे बघत राहिले.

म्हणजे कळ मोडली नव्हती. त्यांनी काढली होती.

२३ जून, सोमवार

आईचा आवाज. गुडघे दुखतायत, मला उठव, म्हणाली.

घरी फोन लावला. आईने उचलला. तू घरीच आहेस ना, असं विचारलं तर म्हणाली, या गुडघ्यांनी मी जाणार कुठे. आणि फोन कानाशी असताना आतून तीच, "मला उठव गं."

दार लावलं. लावलं एकदाचं. घरी येऊन आईशी धड बोलले नाही.

२५ जून, बुधवार

लावलं. हाक मारत नाही आता. तरी बोलतं. मान वळवली की सोपं जातं. साहेब तेच करायचे.

आज काकांनी काहीतरी विचारलं आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. काय विचारलं ते आठवत नाही. भीती याचीच वाटते, आवाजाची नाही.

२७ जून, शुक्रवार

नाही. मी त्यांच्यासारखी होणार नाही. कळ लागली पाहिजे. जे आत आहे ते येऊ दे बाहेर, पण उद्या खराच कुणी अडकला तर? मला खरं-खोटं कळणार कसं? सहीचा कागद पुन्हा ठेवला. त्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला.

२८ जून, शनिवार

भांडले. सकाळी, सगळ्यांसमोर. म्हटलं, इतकी वर्षं दार लावलंत, आज जाताय, आयुष्यात एकदा तरी आत जाऊन बघा, साहेब. नोकरीतलं एक काम तरी करा आणि मग जा.

साहेबांनी कागद ओढला आणि सही केली. खरंच केली! मग म्हणाले, "जातो."

दुपारी निरोपाचा केक कापला. त्यांनी सगळ्यांना एकेक तुकडा दिला, काकांना मुलगी सासरी कशी आहे विचारलं. काकांचे डोळे भरले. मला किल्ल्या दिल्या. मी हिशेबाच्या कामाला बसले, ते कधी निघाले कळलं नाही. जाताना कंपनीचं जाकीटही नेलं वाटतं, खुंटी रिकामी होती.

संध्याकाळी चौथ्याशी गेले. आज त्याने फारच लबाडी केली. साहेबांचा आवाज. खोलवरून, खोक्यांच्या मागून, धापा टाकत. "मॅडम, लावू नका, मी आहे. इथे कोणी नाही. मी सगळं बघितलं, इथे कोणीच नाही."

मान वळवली. दार लावलं.

सोमवारी कळ बसेल. सुटले.

२९ जून, रविवार

सुट्टी. झोपले. आईचे पाय चेपून दिले.

३० जून, सोमवार

ऑफिस उघडलं तेव्हा फोन वाजत होता. साहेबांची बायको. हे शनिवारपासून घरी आले नाहीत. कुणाला काही बोलले होते का? निरोपाला उशीर झाला असेल, मित्राकडे थांबले असतील, असं वाटलं म्हणे. शनिवारी सकाळी निघताना माझ्याशी चांगलं अर्धा तास बोलले हो, कितीतरी वर्षांनी, म्हणाल्या.

मी बघते म्हटलं.

खुंटी रिकामी आहे.

काकांना सांगितलं. ते पहार आणायला गेले, दाराच्या कडेला बर्फ धरलाय, हाताने हलत नाही. मी ओढून पाहिलं. बोटांची सालं निघाली.

हाक मारली. दाराला तोंड लावून. आत कोणी आहे का?

पुन्हा मारली. साहेब. साहेब, मी आहे. कुणाच्याही आवाजात बोल, आईच्या बोल, काकांच्या बोल —

काहीच नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

ऑफिसात आलेय. इथून दार दिसतं. काका पहार घालतायत. हमाल लांब उभे. बर्फ फुटतोय. दोन रात्री, उणे अठरा, माणूस —

काका म्हणतात तुम्ही येऊ नका मॅडम.

येणार. लावलं मी, उघडणारही —

हललं. दार हललं. काका मागे सरकले. आत दाराला टेकून काहीतरी —