शेवटच्या बरणीतलं मलम

देवबाग,
रविवार, ता. १८ जानेवारी १९५९

प्रिय तुळसा,

आज सकाळी पंचे, चादर आणि उशीचा अभ्रा उकळून उन्हात घातले. दुपारी बांगड्याचं तिखलं केलं, मीठ जास्त पडलं. माझं गळू आता बसलं आहे. हे पत्र मी खाली बसून लिहितो आहे, यावरून काय ते समज.

श्रावणात तुझी आई गेली, त्यानंतरचं हे चौथं गळू. जागा अशी की कुणाला दाखवता येईना. गेल्या महिन्यात देवळात भजनाला अडीच तास उभा राहिलो, तर शेजारची आनंदीबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "मास्तरांका म्हातारपणी भक्ती लागली गो!" तिला खरं कोण सांगणार? शेवटी मंगळवारी बाबलीच्या होडीतून मालवणला निघालो. तिथेही उभाच. बाबली ओरडला, "मास्तरांनू, बसा हो, नायतर होडी कलंडतली!" मग गुडघे टेकून गेलो.

डॉक्टर तरुण आहेत. लघवी तपासली, साखर नाही. इंजेक्शन दिलं आणि घरी काय लावता म्हणून विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, आमच्या मंडळींनी केलेलं मलम. खोबरेल, हळद, मेण. तिच्या हातची शेवटची बरणी. कशाने लावता? बोटाने. तेच बोट पुन्हा बरणीत? हो. गळवाची घाण मीच बरणीत नेत होतो आणि तीच पुन्हा अंगाला लावत होतो. तेव्हा आठवलं, तुझी आई मलम नेहमी माडाच्या झावळीच्या काडीने, हिराने काढायची आणि तो हीर लगेच चुलीत टाकायची. मी बोट घातलं की हातावर फटका मारून म्हणायची, "मास्तर म्हणान कोणी ठेवल्यान तुमका?" मला इतकी वर्षं वाटायचं, बाई मलम पुरवून वापरते आहे.

आता गरम पाण्याचा शेक, साबण, रोज धुतलेला पंचा. दाबायचं नाही, फोडायचं नाही. एवढं सगळं लगेच जमलं. बरणी मात्र चार दिवस फडताळात तशीच होती. काल माडाखाली खड्डा काढून पुरली.

हे एवढं लिहायचं कारण तुझं पत्र. तुझ्या छोट्या सुशीलाच्या पायाला सारखी गळवं येतात, आईचं मलम पाठवा, असं तू लिहिलंस. मी अर्धं मलम डबीत काढून, बांधून, वर तुझा पत्ताही घातला होता. त्या दिवशी होडीत ती डबी माझ्या खिशात होती. टपाल कचेरीच्या आधी दवाखाना लागला, म्हणून पोर वाचली. डबीही पुरली. तेव्हा पार्सलाची वाट पाहू नको. सुशीलाला डॉक्टरांना दाखव, तिचा पंचा वेगळा ठेव, नखं काप. आईच्या हातचं तुला काही देता आलं नाही, माझ्यावर रागावू नको.

उन्हं उतरली. घरात पाणी नाही, विहिरीवर जाऊन एक घागर भरून आणतो.

तुझाच,
बाबा