दोन गाड्या सुटेपर्यंत

पौड,
२० मे १९८६

प्रिय चंद्रा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? बहुतेक नाही. पूर्वीसारखं ते तिरपं राहिलेलं नाही. नऊ वर्षं पहिलीच्या मुलांना फळ्यावर अक्षरं गिरवून दाखवते आहे, त्यानंच ते सरळ झालं असावं. तुझा पत्ता तुझ्या भावाकडून, जयसिंगभाऊंकडून मिळाला. परीक्षा संपल्या त्या आठवड्यात ते धाकट्या मुलीचं नाव घालायला शाळेत आले होते. जाताना दारात थांबून म्हणाले, "चंद्री कुनालाच पत्र लिवत न्हाई. तुमी लिवा बाई, तुमचं वाचंल ती." मला 'बाई' म्हणतात आता, खुर्ची दिल्याशिवाय बसत नाहीत. मी पत्ता हजेरीच्या मागच्या पानावर उतरवून घेतला, आणि तेव्हापासून तीन कागद लिहून फाडले. हा चौथा.

तुमचं भरे गाव आता तुला ओळखायचं नाही. पिरंगुटला कारखाने आलेत, आणि ओढ्याकाठच्या तुमच्या खाचराच्या कडेला कामगारांसाठी पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्यात. आपण करवंदं खायला बसायचो तिथे आता बायका धुणं वाळत घालतात. तुझे वडील, हैबतराव आबा, दिवसभर ओट्यावर असतात. नजर गेलीय. पावलं वाजली की "कोन गं?" विचारतात. मी "इंदू, भिकाजीची" म्हटलं की "बस" म्हणतात. त्यांच्या ओट्यावर मला कधी बसायला मिळेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर आपण दोघी हसलो असतो. आमच्या घरी तू माठातलं पाणी प्यायलीस, तर ते दुसऱ्या दिवशी गावभर झालं होतं.

अकरावीचं ते वर्ष मला अजून तारखेवार आठवतं. पुण्यातल्या निबंधस्पर्धेचा विषय आला होता, जुन्या साहित्यातल्या शोकान्त प्रेमकथांची तुलना. हेडमास्तरांना मुलीनं असल्या विषयावर लिहिणं पटत नव्हतं. आपल्या मराठीच्या वाल्मीक सरांनी तुझं नाव घातलंच. पण पौडात पुस्तकं कुठली? मी तुला म्हटलं, माझा दादा पुण्याला बी.ए.ला आहे, तो आणील. एवढंच माझ्या तोंडून निघालं, आणि पुढचं सगळं त्यातून सुरू झालं.

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की आपण मागच्या पायऱ्यांवर थांबायचो. समोर मुळेचं पाणी, आणि दुपारच्या गाडीनं येणारा सोपानदादा, काखेत दोन-तीन जाडजूड पुस्तकं. विलायतेतल्या हाडवैरी घराण्यांची गोष्ट त्यानं आपल्याला अर्धी वाचून आणि अर्धी मराठीत सांगून ऐकवली. मग वाळवंटात वेडा होऊन फिरणाऱ्या तरुणाची. मग पुराच्या नदीत उडी टाकणाऱ्या मुलीची. तू वहीत रकाने आखले होतेस: कोण कुठल्या घरचं, कोणी अडवलं, निरोप कोणी नेला, शेवट कसा झाला. शेवटच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द यायला लागला तेव्हा तू पेन्सिल खाली ठेवलीस. तुझं म्हणणं, दोष घरांचा. दादा म्हणायचा, दोष लिहिणाऱ्यांचाही आहे. दोघांना मारून टाकणं सोपं, त्यांचा संसार मांडून देणं अवघड. मेल्यावर दोन्ही घरं गळ्यात पडून रडतात, जिवंतपणी कोणी एक भाकरी पुढे केली होती का? तू एकदम चिडलीस आणि म्हणालीस, "मग तुम्ही लिहा की संसाराची." दादा पुस्तक मिटून नदीकडे बघत बसला. त्याचे कान लाल झालेले मी बघितले आणि उगीचच दप्तर आवरायला लागले.

त्या निबंधात एक वाक्य माझं होतं, आठवतं? मी म्हटलं होतं, प्रत्येक गोष्टीत एक निरोप नेणारा असतो. तो उशिरा पोचतो, नाहीतर खोटं बोलतो, आणि गोष्ट संपल्यावर त्याला कोणी काही विचारत नाही. तू ते जसंच्या तसं घेतलंस आणि कंसात माझं नाव घातलंस. सरांनी ते खोडायला लावलं, कारण निबंधात मैत्रिणीचं नाव घालत नाहीत.

तुला दुसरं बक्षीस मिळालं. बक्षीस घ्यायला सरांबरोबर आपण पुण्याला गेलो, दादा तिथे आला, आणि सर ओळखीच्या माणसाशी बोलत थांबले तेवढ्यात आपण तिघांनी समोरच्या हॉटेलात चहा घेतला. त्या एका चहापायी सगळं उघडं पडलं. भऱ्याचा नथू दुधाच्या कामानं पुण्याला आलेला, त्यानं काचेतून बघितलं. गावात बातमी पोचेपर्यंत त्यातली मी गळले होते. उरलात तुम्ही दोघंच.

पुढचं तुला तुझ्या बाजूनं माहीत आहे. फलटणचं स्थळ आठ दिवसांत ठरलं. आमच्या बाजूचं मी तुला कधी सांगितलं नाही, ते आज सांगते. परीक्षा संपल्यावर एका सोमवारी जयसिंगभाऊ पौडला आमच्या अंगणात आले. आई भांडी घासत होती. ते आत आले नाहीत, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "गंगूबाई, पोराला म्हनावं सुट्टीत पुन्यातच ऱ्हा. हितं दिसला तर मंग माज्या हातात काय ऱ्हायचं न्हाई." आईनं हातातली राख तशीच धरून ठेवली. रस्त्यावर आणखी दोघे उभे होते. बाबा तहसील कचेरीत शिपाई. त्यांनी साहेबांना सांगू का म्हणून विचारलं, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. ते हसू मला त्या धमकीपेक्षा जास्त लागलं.

आणि मंगळवारी दुपारी तू मला वाटेत गाठून दादासाठी ती चिठ्ठी दिलीस. फोडू नकोस असं तू म्हटलं नव्हतंस, म्हणून मी वाचली. तीत होतं: गुरुवारी शाळेचा दाखला आणायच्या निमित्तानं पौडला येईन, साडेदहाच्या पुण्याच्या गाडीला स्टँडवर थांबेन. मला अठरा पूर्ण आहेत, तुम्हाला एकवीस. नोंदणीचं लग्न कोणी मोडू शकत नाही. एवढंच. एकही शब्द गोड नव्हता. तू किती विचार केला होतास ते मला त्यावरूनच कळलं.

दादा त्याच संध्याकाळी पुण्याहून आला होता, जयसिंगभाऊंचा निरोप माहीत असूनही. कोणी बघेल या भीतीनं आई त्याला दारातसुद्धा उभं राहू देत नव्हती. बुधवारी सकाळी चुलीपुढे बसून मी ती चिठ्ठी जाळात टाकली. मग त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, चंद्रा लग्नाला राजी आहे, तिनं तुला विसरून जायला सांगितलंय. त्यानं एकदाच विचारलं, तिनं स्वतः सांगितलं का. मी हो म्हटलं. तो दुपारच्या गाडीनं परत गेला.

गुरुवारी मी बाबांचा डबा घेऊन कचेरीत गेले. व्हरांड्यातून स्टँड दिसतो. तू हिरवी साडी नेसली होतीस, हातात कापडी पिशवी. साडेदहाची गाडी आली, भरली, गेली. तू हलली नाहीस. सव्वाबाराची आली. कंडक्टरनं तुला काही तरी विचारलं, तू मान हलवलीस. तीही गेली. मग तू पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतलीस आणि पिरंगुटच्या रस्त्यानं चालू लागलीस. उन्हात, डोक्यावर पदरसुद्धा न घेता. मी धावत खाली येऊन तुला हाक मारू शकत होते. गाडी सुटली होती, पण हाक मारायला वेळ होता. मी डब्याची झाकणं लावत राहिले.

तुझ्या लग्नात तू आतल्या खोलीत मला जवळ बोलावलंस आणि कानात विचारलंस, "दिलंस ना?" मी म्हटलं, "दिलं." तू मान हलवलीस, जशी कंडक्टरला हलवली होतीस तशीच. बारा वर्षं तू समजते आहेस की त्यानं चिठ्ठी वाचली आणि तो आला नाही. बारा वर्षं तो समजत होता की तू त्याला सोडलंस. दोन्हीकडे खोटं मीच बोलले.

मी मनाशी कितीदा म्हटलं असेल, की त्या गोष्टींतली पोरं मेली आणि माझी दोघं जगली. दादा मास्तर झाला, पाच वर्षांनी त्याचं लग्न झालं, वहिनी समजूतदार आहे, मुलगा चार वर्षांचा आहे. वर्गात ती विलायतेतली गोष्ट शिकवायला आली की शेवटचं प्रकरण तो मुलांना घरी वाचायला सांगतो, असं त्याच्या एका विद्यार्थ्यानं मला सहज सांगितलं. जयसिंगभाऊ खरंच काही करणार होते की नुसते बोलले होते, हे मला अजून ठाऊक नाही. आज त्यांच्याकडे बघून वाटतं, नसतं केलं. पण तेव्हा मी आईच्या मुठीतली राख बघितली होती. तुम्हाला विचारायला हवं होतं, एवढं मात्र आज मला पक्कं कळतं. तुमच्या जिवाचा निर्णय मी एकटीनं, चुलीपुढे बसून घेतला.

हे सगळं आजच का लिहिते आहे, तर दादाच्या संस्थेनं त्याची बदली फलटणच्या हायस्कूलला केली आहे. तुझी मुलगी यंदा त्याच शाळेत पाचवीला जाणार, हे जयसिंगभाऊंनीच सांगितलं. तुम्ही समोरासमोर याल आणि एकमेकांना चुकीचं ओळखाल, हे मला सोसवेना. परवा मी दादाला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "किती वेळ थांबली होती ती?" मी म्हटलं, दोन गाड्या सुटेपर्यंत. तो उठून बाहेर जाऊन आला आणि म्हणाला, तिला आधी कळव. तिला माझं तिथे येणं नको असेल तर मी बदली फिरवून घेतो, अर्जाला दहा जूनपर्यंत मुदत आहे. वहिनीलाही त्यानं सांगितलंय, तिचंही म्हणणं हेच. तेव्हा चंद्रा, होय किंवा नाही, काय ते तू ठरव. माझ्यावर रागावली असशील तर राग वेगळ्या पत्रात लिही, मी तो वाचीन. पण हे उत्तर माझ्याकडे पाठवू नकोस. दादाचा पत्ता वेगळ्या कागदावर लिहून याच पाकिटात ठेवला आहे. सरळ त्यालाच लिही.

तू अजून मानत असशील तर तुझीच,
इंदू