साडेचारची बस

सोमवार, ३ मार्च

तुमच्या गावची बस किती वाजता सुटते? बंदरावरच्या वाहतूक कचेरीत मॅडमनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही! जन्मापासून त्या बसमधून जाते. बस सख्ख्या मामाची. फिजीहून पदवी घेऊन आले, घराण्यातली पहिली. तरी नाही सांगता आलं. "माणसं झाली की सुटते," म्हणाले, तर सगळे हसले.

मॅडम म्हणाल्या, "मग तूच कर वेळापत्रक. आधी तुझ्याच रस्त्याचं. दोन महिने नीट चाललं तर नोकरी कायम."

करणारच!

मंगळवार, ४ मार्च

घड्याळ आणि वही घेऊन बसमध्ये बसले. फिलिपो मामा हॉर्न वाजवत गावात दोन फेऱ्या मारतो. कुणाची तारोच्या कंदांची टोपली बांधायची राहिली — थांबा. कुणी चष्मा विसरलं — फिरवा मागे! बंदराच्या अलीकडच्या वळणावर लोसा मावशी. आईची चुलत बहीण, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती काठी टेकत येईपर्यंत सात मिनिटं. (मोजली.)

तोवर बस गच्च. मग नेहमीचंच. कुणी काही न बोलता तरुण मंडळी उठतात, म्हाताऱ्यांना जागा देतात आणि मिळेल त्या मांडीवर बसतात. मीही उठले. पण मांडीवर नाही बसले. ठेंगण्या छताखाली मान वाकवून उभी राहिले.

बाजारात पानिकेकेचे गोड गोळे तळून विकणारी सेपे मागून ओरडली, "ये गं बाई! का माझी मांडी कॉलेजात शिकली नाही म्हणून चालत नाही तुला?"

अख्खी बस हसली. मामासुद्धा.

प्रत्येकाला आपली जागा असावी, एवढंच तर म्हणते मी. त्यात हसायचं काय?

शनिवार, ८ मार्च

झालं लिहून. पहाटे साडेचारला सुटणार. कुणासाठी थांबणार नाही. एका जागेवर एकच माणूस. मांडीवर बसणं बंद.

रविवार, ९ मार्च

प्रार्थना संपल्यावर पाद्रीबुवांनी माझा कागद सगळ्यांना वाचून दाखवला. खाली माझं नाव, बाबांचं नाव. आई रडली. मामाने तो बसच्या काचेवर, येशूच्या चित्राशेजारी चिकटवला. उद्यापासून आठवडाभर गावोगाव सांगायचं, पुढच्या सोमवारी सुरू.

सोमवार, १७ मार्च

साडेचारला सुटली. ठोक्याला! मी खिडकीपाशी बसले होते, स्वतःच्या जागेवर.

वळणावर लोसा मावशी आधीच येऊन उभी होती. नवा पोशाख, काखेत उशी आणि चटई. परदेशातून डोळ्यांचे डॉक्टर समुद्रापलीकडे आपियाला आलेत, आज तिची पाळी. मला माहीत होतं! सहाची बोट, त्यासाठी हीच एक बस.

जागा नव्हती. मामाने वेग कमी केला, आरशातून माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. कुणीही उठलं नाही — मांडीवर बसणं बंद ना! मी कागदाकडे बघत राहिले.

बस पुढे गेली. मावशीने हात हलवला. तिला वाटलं असेल, ही दुसरीच गाडी, बस अजून यायचीय.

मंगळवार, १८ मार्च

मावशीकडे गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "पोरीने एवढं शिकून लिहिलंय, ते मोडायचं कसं?" म्हणाली. आणि वर मलाच कोको पाजला! नर्सने तिला गुरुवारची वेळ दिलीय. शेवटचा दिवस. संध्याकाळी डॉक्टर परत जाणार.

मामाला म्हटलं, गुरुवारी थांबव. तो भडकला. "पाद्रीबुवांनी वाचलेला कागद! तुझ्या बापाचं नाव आहे त्यावर. मी मोडला तर गावात तुम्हाला तोंड दाखवायला जागा राहील का?"

म्हणजे माझ्या मानापायी सगळे मावशीला रस्त्यावर ठेवणार. आणि कुणालाच यात चूक दिसत नाही!

बुधवार, १९ मार्च

मॅडम: "दोन महिने काहीही बदलायचं नाही. एकीसाठी थांबलीस की दहा जणींसाठी थांबावं लागेल."

हो. तेच तर आजवर करत होतो आम्ही.

पाय जागेवर ठरत नाहीत. तीनदा अंगणात जाऊन आले. आई म्हणते, मुंग्या चावल्या का गं तुला?

गुरुवार, २० मार्च

बोटीवर आहे. मावशी शेजारी उशी मांडीत घेऊन झोपलीय.

पहाटे बस सुटायच्या आधी सगळ्यांसमोर काचेवरचा कागद मीच काढला. वळणावर मावशीला माझ्या जागेवर बसवलं आणि बंदरापर्यंत सेपेच्या मांडीवर बसून आले. "जड झालीस गं," एवढंच म्हणाली.

बंदरावर मॅडमच्या दाराखालून नवं वेळापत्रक सरकवलं. सुटण्याची वेळ: माणसं झाली की.