बारा मिलिमीटरचा माणूस

१७ फेब्रुवारी, मंगळवार

तीर्थरूप काका यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र गेल्या बुधवारी हातात पडलं. उत्तराला सहा दिवस लागले याचं कारण टपाल नाही, मीच आहे. रोज कागद घेऊन बसतो आणि चार ओळींवर अडतो. काल ही म्हणाली, "अहो, पत्र लिहिताय की ग्रंथ बांधताय? द्या इकडे, मी दोन मिनिटांत लिहिते." मी दिलं नाही. हे मलाच लिहायला हवं.

इकडे सगळं ठीक. माझा खोकला गेला. डाव्या डोळ्याचा नंबर पाऊणने वाढलाय, पण सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात ओवतो. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा उजव्या हाताने धरा, डाव्या बाजूचा तिसरा गज हलतो. मागच्या खेपेला बसवून द्यायचा राहिला.

तुम्ही लिहिलंत की एक तारखेला घराची किल्ली शेजारी ठेवून तुम्ही त्या वृद्धांच्या वसतिगृहात जाणार, खोली बघून आलात, खिडकी पूर्वेला आहे. "घर तुझ्या आईचं होतं, आता तुझं आहे. ती होती तोवर माझं राहणं ठीक होतं." ही दोन वाक्यं मी इतक्या वेळा वाचली की कागद घडीवर फाटायला आलाय. त्यावर काय म्हणायचं ते शेवटी लिहितो. आधी कामावरची एक गोष्ट सांगतो. मध्येच पत्र ठेवून देऊ नका.

आमच्या ग्रंथालयात मुलांच्या विभागातून एक चित्रांचं पुस्तक दुरुस्तीला आलं. सोळा पानं, म्हणजे बत्तीस बाजू, आडवं, मोठ्या ताटाएवढं. विषय इतकाच, की घरं कशी कशी असतात. प्रत्येक पानावर एक घर. एकात आजोबा आणि नात. एकात दोन आया आणि त्यांची जुळी. एकात नुसते बाबा, आणि ते वेणी घालायला शिकतायत, भांग वाकडा. एका घरात पाच भावंडं, एकाचा चेहरा दुसऱ्याशी जुळत नाही, कारण कुणी या पोटचं, कुणी त्या, कुणी दत्तक. एका घरात म्हातारी आणि तिची मांजर, तेही घरच. मजकूर पानाला दोन ओळी. मला वाटलं होतं उपदेश असेल. नाही. चित्रकाराने नुसतं बघितलंय आणि काढलंय.

पुस्तक हातात आलं की ते कुठे आपोआप उघडतं हे मी आधी बघतो. मुलं जे पान पुन्हा पुन्हा काढतात तिथे कणा मोडलेला असतो. हे पुस्तक अकराव्या पानावर उघडत होतं. तिथे एक आई आहे, एक मुलगी आहे, टेबलावर तीन कप आहेत. खाली लिहिलंय: "हे आत्ताच आलेत. अजून पायातले बूट काढायचेत."

पानांच्या कडा ओल लागून कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. मी सगळी पानं सोडवली, कणा नवा बांधला, आणि कडा सरळ करायला मोठ्या कात्रीखाली बारा मिलिमीटर उडवले. कापण्याआधी प्रत्येक पानावरचा मजकूर तपासला. एक अक्षर जात नव्हतं. चित्राच्या कडेला काय असणार, भिंत नाही तर आभाळ. बत्तीस वर्षांच्या कामात मी अशी चूक केलेली नाही, म्हणून ती चूक आहे हे मला कळलंही नाही. पुस्तक दिमाखात परत पाठवलं.

चौथ्या दिवशी बालविभागाच्या बाई एका मुलीला घेऊन माझ्या खोलीत आल्या. सहाएक वर्षांची, पुढचे दोन्ही दात पडलेले, पुस्तक छातीशी धरलेलं.

"तुम्ही कापलं का हे?" तिने सरळ विचारलं.

"कापलं नाही, दुरुस्त केलं," मी म्हणालो.

"मग ते कुठे गेले?"

"कोण?"

"ते आलेले!" तिने अकरावं पान उघडलं. "इथे दारात होते. अर्धेच होते, पण होते."

"इथे कुणी नव्हतं," मी म्हणालो. मी कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे. चूक दाखवली की आधी नाही म्हणतो.

"होते! हे बघा ना, त्यांचा हात आहे अजून."

काका, खरंच हात होता. पानाच्या कडेतून एक हात आत आला होता आणि त्या हातात मुलीचं दप्तर होतं. माणूस नाही, नुसता हात. मी त्या पानाची दोरी ओढली, खळ लावली, दाबाखाली ठेवलं, आणि तो हात मला दिसला नाही.

बाई सावरायला गेल्या, "अगं, ते मोठे कारागीर आहेत, कुणाकडे न शिकता स्वतः शिकलेत." मुलगी म्हणाली, "म्हणूनच."

मी हसलो नाही. मी तिला विचारलं, हेच पान तुला का आवडतं? ती म्हणाली, "आमच्याकडे पण असेच आलेत. मागच्या सुट्टीत."

"मग तू त्यांना काय म्हणतेस?"

"अजून ठरलं नाही. आधी ते मला शिट्टी शिकवणारेत. दात आले की."

दुपारी मी कात्रणांचं पोतं जमिनीवर उपडं केलं. नशिबाने रद्दीवाला यायचा होता. साडेतीन तास मांडी घालून कागदाच्या पट्ट्या उलगडत बसलो. गुडघ्यांवरून तुमची आठवण झाली. संध्याकाळी सापडला. बारा मिलिमीटर रुंद माणूस: अर्धा चेहरा, एक खांदा, एक बूट. हसत होता.

इथवर लिहून काल थांबलो होतो. पुढचं लिहायला आज सकाळपासून तीन कागद वाया गेले.

त्या पट्टीकडे बघताना मला जे दिसलं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला ते ठाऊक आहे हे मला अकरा महिन्यांपूर्वी कळलं, आईच्या पेटीत. मी कुणाला बोललो नाही, हिलाही नाही.

मी नऊ वर्षांचा होतो. तुम्ही आमच्याकडे आलात त्या आठवड्यात आपण तिघं फोटो काढायला गेलो. आई खुर्चीत, मी मध्ये, तुम्ही उजवीकडे, तुमचा हात माझ्या खांद्यावर. फोटो आला त्या दिवशी मी कंपासपेटीतली पट्टी लावून दाढीच्या पात्याने तुम्हाला कापून काढलं. एका रेषेत, कुठे पातं घसरलं नाही. तुमची पट्टी केराच्या बादलीत टाकली आणि उरलेला फोटो चौकटीत परत घातला. फक्त खांद्यावरची चार बोटं गेली नाहीत. ती काढायची तर मलाच कापावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी चौकट फळीवर नव्हती. माझ्या दप्तराचा बंद तुटला होता, तो तुम्ही न विचारता शिवून दाराला अडकवलात. मी थँक्यू म्हटलं नाही. मला वाटायचं तुम्हाला माहीत नाही. इतकी वर्षं मला तसंच वाटत राहिलं.

आईच्या पेटीत तो फोटो अख्खा होता. उलटा करून पाहिला. मागून तपकिरी अस्तराची पट्टी चिकटवलेली. तुम्ही सुटकेसना आतून लावायचात तेच कापड, तीच तिरकी वीण. म्हणजे केराच्या बादलीतून तुम्ही स्वतःला शोधून काढलंत, मला कळू न देता जोडलंत आणि आईच्या हातात दिलंत. आणि दुसऱ्या दिवशी माझं दप्तर शिवलंत.

भिंगाखाली पाहिलं. जोड अर्ध्या मिलिमीटरने सरकलाय, तुमची बोटं आणि पंजा नीट जुळत नाहीत. माझ्याकडून असं झालं नसतं. पण मी तो सोडवून परत जोडणार नाही. तो तसाच राहील.

आता दुसरी कबुली, ही पहिलीपेक्षा जड आहे. मी सगळ्यांना सांगत आलो की मला कुणी शिकवलं नाही. ग्रंथालयात नोकरीला लागताना सांगितलं, दोनदा सत्कार झाला तेव्हा माईकवरून सांगितलं. एका सत्काराला तुम्ही दुसऱ्या रांगेत बसला होतात आणि टाळ्या वाजवत होतात.

तुमच्या सुटकेसच्या दुकानात मागे पडदा होता. शाळेतून आलो की मी त्याच्या आड उभा राहायचो. तुम्ही दोऱ्याला मेण लावायचात, दोन सुया एकाच भोकातून समोरासमोर काढायचात आणि दोन्ही कोपरं पसरून एकदम ओढायचात. मी घरी येऊन माझ्या वह्यांवर ते करून बघायचो. एके दिवशी तुम्ही स्टूल तिरकं करून बसलात. आईने विचारलं तर म्हणालात, "उजेड नीट येतो." काका, उजेड दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून यायचा. तिरकं बसल्यावर तुमच्या हातांवर तुमचीच सावली पडायची. पण पडद्याआडून ते हात स्वच्छ दिसायचे. पुढची तीन वर्षं तुम्ही तसेच सावलीत बसून शिवलंत. एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत. पाहिलं असतंत तर मी पळालो असतो, आणि आज माझ्या हातात ही कला नसती.

आज ज्या टाक्याने मी पुस्तकं बांधतो, ज्याला इथे सगळे "साहेबांचा टाका" म्हणतात, तो सुटकेसचा टाका आहे. तुमचा आहे.

पुस्तकाचं पुढे असं झालं. माणूस सापडला, पातळ पारदर्शक कागद लावून त्याच्या जागी जोडलाही. पण बाकीची पानं बारा मिलिमीटरने आखूड, म्हणून आता हे एकच पान पुस्तकाबाहेर येतं. मला अशा गोष्टीने झोप लागत नाही. शेवटी तेवढा भाग आत दुमडून घेतला. आता पान उघडलं की आधी नुसता हात आणि दप्तर दिसतं, घडी उलगडली की माणूस दार उघडल्यासारखा आत येतो. मुलीने सात वेळा घडी उघडली आणि मिटली. बाई म्हणतात, नव्या पुस्तकापेक्षा हे बरं झालं. मी म्हणत नाही, पण तसं आहे.

मी शेवटचा टाका ओढत होतो तेव्हा ती टेबलाला हनुवटी टेकून बघत होती. "हे दोन सुयांचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

बाई तिथेच होत्या. मी म्हणालो, "माझ्या काकांनी."

बाई बघतच राहिल्या. मुलीला काही विशेष वाटलं नाही. म्हणाली, "त्यांना शिट्टी येते?" येते ना हो तुम्हाला? मी विचारलंच नाही कधी.

आता तुमच्या दोन वाक्यांविषयी. घर आईचं होतं हे कागदावर खरं आहे. पण त्या घरात तुम्ही आईमुळे राहत होतात हे खरं नाही. तुम्ही माझ्यामुळेही राहत होतात. जायला तुमच्याकडे एक फोटोभर कारण होतं, आणि तुम्ही ते मागून अस्तर लावून जोडलंत. वरचा मायना वाचून थबकला असाल. आजवर कुणाही वडीलधाऱ्याला लिहितात तसं "तीर्थस्वरूप" लिहीत आलो. या वेळचं "तीर्थरूप", जे फक्त आईवडिलांना लिहितात, ते चुकून पडलेलं नाही. "काका" मात्र काकाच राहू दे. तो शब्द वापरून वापरून हाताला बसलाय, नवीन घेतला तर टोचेल, तुम्हालाही आणि मलाही.

रविवारी सकाळच्या गाडीने मी येतोय. जिन्याचा गज बसवीन आणि आपण दोघं मिळून तो फोटो फळीवर ठेवू. तुम्ही येत नाही हे वसतिगृहाच्या लोकांना मी सांगेन, तुम्हाला सांगायला अवघड वाटेल. माझ्याकडे येऊन राहायचं की आपल्या त्या घरातच राहायचं ते तुम्ही ठरवा. ही म्हणते तिला दोन्ही चालेल, फक्त पत्रं लिहिणं बंद करा. पण किल्ली शेजारी ठेवायची नाही.

इतकी वर्षं झाली, काका. आता पायातले बूट काढा.

तुमच्या सावलीत, पडद्याआडून शिकलेला,
तुमचा