टॅबलेट की लॅपटॉप : एक निष्पक्ष चाचणी

सोमवार, २७ एप्रिल
जूनपासून शाळेसाठी टॅबलेट घ्यायचे की स्वस्तातले लॅपटॉप, यावर अहवाल मीच द्यायचाय. पाचोऱ्यात दुसरं कोणी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेलं नसावं. शनिवारी संस्थेला पटला तर कॉम्प्युटर रूम माझ्या ताब्यात, असं हेडमास्तर प्रेमराज सर म्हणाले. सध्या ती मराठीच्या कामिनी मॅडमकडे आहे. त्या तिथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवतात.
दुकानदाराने एकेक नमुना दिलाय, परत करायच्या बोलीवर. निकष : बिघडलं तर शाळेतच उघडून जोडता आलं पाहिजे. मत आधी बनवायचं नाही. लॅपटॉपच जिंकेल.

मंगळवार, २८
लॅपटॉप उघडला. सगळं सुटसुटीत. जोडल्यावर एक स्क्रू उरला. कंपन्या जास्तीचे देतात. कीबोर्डवरची आकड्यांची ओळ चालत नाही. गणित मुलांनी हातानेच करावं.

बुधवार, २९
टॅबलेटची काच गोंदाने चिकटवलेली. गोंद सैल व्हायला उष्णता हवी. हीट गन नाही, पण ऊन आहे. घरमालकीण मंजुळाअक्कांच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, गच्चीवर वाळत होत्या, त्यांच्या शेजारी ठेवला. अक्कांनी विचारलं, पोरी, हाई बी वाळत घालेल शे का? चाचणी आहे, म्हटलं. मंग उलटा कर, म्हणाल्या, नहीतर एक बाजू कच्ची ऱ्हाई. दुर्लक्ष केलं.

गुरुवार, ३०
काच सुटली. चाचणी यशस्वी. बॅटरी तळलेल्या बिबडीसारखी फुगली, म्हणून वाळूच्या बादलीत ठेवली. पद्धत बरोबर आहे. काच परत बसत नाही. तो चाचणीचा भाग नव्हता.

शुक्रवार, १ मे
झेंडावंदनाला कामिनी मॅडमनी विचारलं, संशोधन कुठवर आलं? निर्णायक टप्प्यावर, म्हटलं. मग विचारलं, दोन्ही चालू आहेत ना? राष्ट्रगीत सुरू होणार होतं, म्हणून सावधान उभी राहिले.

शनिवार, २ मे
संस्थेच्या बैठकीत लॅपटॉप सुरूच झाला नाही. दुरुस्ती प्रत्यक्ष दाखवायची संधी. सगळ्यांसमोर उघडला, जोडला. बंदच. टॅबलेट पिशवीत होता, दोन भागांत.
संस्थेचे सुकलाल नाना पुढे झाले. त्यांनी एकच विचारलं, यातलं उघडायला अवघड कोणतं? टॅबलेट, मी अचूक उत्तर दिलं. मग तेच घ्या, ते माझ्याकडे बोट दाखवत सरांना म्हणाले, या मॅडम अजून शाळेतच आहेत.
ठराव एकमताने. खोली कामिनी मॅडमकडेच. मी स्क्रूड्रायव्हर ऑफिसात जमा करून घरी आले.