अठरा शिक्के, स्की एकही नाही

कावागोए, २३ जानेवारी

ती. दादा यांस,

कमरेत पूर्ण वाकून नमस्कार (माझी पाठ अजून तेवढी वाकते, परत सरळ व्हायला मात्र वेळ लागतो). वर्षातल्या सगळ्यात कडक थंडीचे दिवस सुरू झाले आहेत. आमच्याकडे सकाळी अंगणातला नळ गोठतो, एवढंच. आपल्याकडे बर्फ खालच्या खिडक्यांच्या वर गेला असेल. आपली प्रकृती, वहिनींचा खोकला, लोणच्याच्या पिंपातला मुळ्याचा पाला, सगळं ठीक असावं अशी आशा करतो. हे 'आपली' आणि 'आपल्याकडे' लिहून माझाच हात अवघडलाय. सहा वर्षांनी पत्र लिहितोय म्हणून मानाने लिहावं असं वाटलं आणि त्यापायी चार कागद फाडले. पण ज्याच्या पाठीवर बसून बर्फातून शाळेत गेलो, त्याला 'तुम्ही' म्हणायला जीभ वळत नाही. तेव्हा इथून पुढे 'तू'. राग आला तर जुन्या रागात मिसळून टाक, वेगळा ठेवू नकोस.

आता मुद्दा. चौदा ते सोळा फेब्रुवारी तुझ्या निवासाच्या सगळ्या खोल्या कावागोएच्या कुठल्याशा गल्लीच्या मंडळाने धरून ठेवल्या आहेत ना? ते मंडळ म्हणजे आम्ही. फोन मीच केला होता. तुझ्या सुनेने, मिसुझुने, उचलला आणि मी असा घाबरलो की तोंडावर रुमाल धरून 'मी मंडळाचा अध्यक्ष मुराकोशी' असं सांगून टाकलं. (तिने शेवटी घशाला मध घ्या म्हणून सांगितलं. गुणी मुलगी आहे.) माझं नाव सांगितलं असतं तर तू खोल्या दिल्या असत्यास की नाही, कोण जाणे. आई गेल्यानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या श्राद्धाच्या जेवणात, सगळ्या नातेवाइकांच्या देखत, मी तोंड वर करून म्हणालो होतो की हे निवास विकून टाक, आता इथे स्कीला येतंय कोण. तू जेवणाच्या काड्या खाली ठेवल्यास आणि म्हणालास, 'शेवटची बस पाच चाळीसला आहे.' त्या बसने मी गेलो तो गेलोच. चूक माझी होती, दादा. हे एवढं वाक्य लिहायला सहा वर्षं लागली, तेव्हा जरा दोनदा वाच. तू आम्हाला दारातून आत घेतोस की नाही यावर माझं सगळं अडलंय. पण मधल्या मध्ये त्याहून मोठं संकट उभं राहिलं होतं. ते काल टळलं आणि माझा जीव भांड्यात पडला, म्हणून आज पेन हातात घेता आलं.

झालं काय, की नोव्हेंबरात देवळासमोरचा पाचोळा झाडून झाल्यावर गल्लीतली आम्ही मंडळी चहा घेत बसलो होतो. दरवर्षी हिवाळ्यात मंडळाची सहल जाते. गरम पाण्याच्या झऱ्यावर जायचं, डुंबायचं, जेवायचं, बसमध्ये झोपायचं आणि संध्याकाळी घरी. मी एकदम म्हणालो, यंदा माझ्या गावाला स्कीला जाऊ. आमचे मुराकोशी (हे खरे मुराकोशी, फोनवरचे नव्हेत) चहाच्या पेल्यात बघत म्हणाले, 'वा, विचार करण्यासारखं आहे.' आता हे वाक्य ऐकल्यावर आपल्याकडचा कुठलाही शहाणा माणूस मान हलवतो आणि विषय बदलतो. मी स्वतः जन्मभर विमेवाल्यांना याच वाक्याने वाटेला लावत आलोय. पण त्या दिवशी मला होकार हवा होता, म्हणून मी होकार ऐकला.

दुसऱ्याच दिवशी मी घरोघर फिरणाऱ्या पाटीवर सहलीचा कागद अडकवून ती पुढे धाडली. पाटी तुमच्याकडेही फिरते. कचऱ्याचे वार बदलले, पाण्याचा पाइप दुरुस्त होणार, कोणाचं मांजर हरवलं, सगळं तिच्यावर. आपण वाचायचं, आपल्या नावाच्या चौकोनात शिक्का मारायचा आणि पाटी शेजारच्या दारात ठेवायची. शिक्का म्हणजे 'वाचलं', बास. येणार की नाही यासाठी वेगळा रकाना आखायला हवा होता. (आखला होता रे, पण वरती आपल्या गावचा डोंगर काढला आणि तो खालपर्यंत पसरला.) पाचव्या दिवशी पाटी परत आली. माझं सोडून अठरा घरं, अठरा शिक्के! आमच्या गल्लीत आता घरटी एकच माणूस उरलंय, म्हणजे अठरा माणसं. मी आनंदाने घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या आणि तुला फोन लावला. त्याच पाटीवर हरवलेल्या मांजराच्या कागदावरही अठराच शिक्के होते आणि मांजर शोधायला एकही जण गेला नव्हता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मग मी सहलीची पुस्तिका केली. सोळा पानं. मुखपृष्ठावर स्की घातलेला ससा, आत कोणी कुठल्या सीटवर बसायचं, कुठल्या थांब्यावर किती मिनिटं उतरायचं, कोणाच्या शेजारी कोणाची गादी. नऊ वाजून दहा मिनिटांनी सामुदायिक संत्री. अशी पुस्तिका एकदा दारात येऊन पडली की माणूस काय करणार? त्यात आपलं नाव छापलेलं आहे, आपलं संत्रं मोजलेलं आहे. माझ्या तोंडावर 'मी येत नाही' म्हणायचं म्हणजे सोळा पानांचा अपमान. कोणीही काही बोललं नाही. उलट तयारीला लागले.

आणि तयारी तरी कसली! आमच्या कोपऱ्यावरच्या कोमिने आजी, वय एक्याऐंशी, नातवाचा स्कीचा मोठा चष्मा घालून भाजी आणायला जायला लागल्या. सवय व्हावी म्हणून, म्हणे. भाजीवाल्याने तीनदा विचारलं, कोण हवंय आपल्याला? निशिवाकीचं टोफूचं दुकान आहे. त्याने पायांना फळ्या बांधून दुकानाच्या जिन्यावर सराव केला आणि भिजत घातलेल्या सोयाबीनच्या टोपात जाऊन बसला. (दुसऱ्या दिवशीचा टोफू आम्ही सगळ्यांनी विकत घेतला आणि कोणी काही म्हटलं नाही. आम्ही असेच.) मुराकोशींनी लालभडक स्कीचा पोशाख घेतला आणि तो अंगाला बसावा म्हणून कावळ्यांनी कचरा उचकटू नये म्हणून टाकलेल्या जाळीवर राखण करायची पाळी आली तेव्हा घालून उभे राहिले. पहाटे सहाला कचरा टाकायला आलेली माणसं त्यांना बघून पिशव्या टाकून पळाली.

शिवाय मी डोंगरातला, तेव्हा मला स्की येणारच असं सगळ्यांनी धरून चाललं. 'कुवाबारा, तुम्हीच शिकवा आम्हाला,' असं म्हणाले. आता शाळेच्या शर्यतीत मी उतारावर काय केलं हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? वरच्या टोकालाच बसकण मारली आणि बसूनच खाली आलो. तरी शेवटून दुसरा आलो, हे तेवढं लक्षात ठेव. पण नाही म्हणायची सोय माझ्यापुढे तरी कुठे होती! तीन रविवार मी नदीच्या बांधावर वर्ग घेतला. पुठ्ठ्यावर उभे राहा, गुडघे वाकवा, नजर समोर. ज्यांचे गुडघे वाकले त्यांचे सरळ होईनात आणि ज्यांचे सरळ होते ते वाकेनात. मी गळ्यात शिट्टी घालून खाली उभा, आणि वरून एकेक जण 'थांबायचं कसं ते अजून सांगितलं नाहीत!' असं ओरडत माझ्या अंगावर. दादा, मला तरी कुठे माहीत होतं?

परवा तिसऱ्या प्रहरी कोमिने आजी मिठाईचा डबा घेऊन माझ्या दारात आल्या. डोळ्यांभोवती चष्म्याचे गोल वळ. मी कोतात्सुच्या शेगडीपाशी, गोधडीत पाय घालायला जागा करून दिली, चहा दिला. बराच वेळ हवामानावर बोलल्या, मांजरावर बोलल्या. मग पेला खाली ठेवून म्हणाल्या, 'अहो कुवाबारा, मी एक्याऐंशी वर्षांची. मरणाला मी भीत नाही. पण तुम्हाला वाईट वाटेल याची फार भीती वाटते हो, म्हणून दोन महिने बोलले नाही. मला नाही जमणार स्कीबिकी. मी शिक्का मारला तो वाचलं म्हणून. आणि खरं सांगू का, चष्मा सापडत नव्हता, वाचलंही नव्हतं.'

मला रागच यायला हवा होता, पण मी असा हसत सुटलो की आजी घाबरल्या. खांद्यावरचं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटलं. मी त्यांना शाळेच्या शर्यतीची गोष्ट सांगितली. मग आम्ही दोघंही हसलो आणि मी टोपी घालून घरोघर निघालो. मुराकोशी म्हणाले, तुमचा उत्साह बघून मी गप्प बसलो. निशिवाकी म्हणाला, मुराकोशींनी पोशाख घेतला म्हणून मी फळ्या बांधल्या. त्याच्या शेजारचा म्हणाला, निशिवाकी टोपात बसला तरी कुरकुरला नाही, मग मी कुठल्या तोंडाने? अख्खी गल्ली एकमेकांचं मन राखण्यासाठी डोंगरावरून पडून मरायला तयार झाली होती! त्या संध्याकाळी दर दारात कोणी ना कोणी हसत उभं होतं. निशिवाकीने तर जिन्यावरून पडल्यापासूनचं पायाचं बँडेज सोडून ओवाळून टाकलं.

मी घरी आलो, दार लावलं आणि टोपी काढता काढता आठवलं. तुझ्या खोल्या! ऐन मोसमात तू बारा खोल्या आमच्यासाठी अडवून ठेवलेल्या, दुसऱ्यांना नाही म्हणून सांगितलेलं, आणि आता कोणी येत नाही हे कळवायचं. तेही कोणी, तर मी! येतंय कोण असं सहा वर्षांपूर्वी म्हणालो आणि आता स्वतःच्या हाताने ते खरं करून दाखवायचं. मला भडभडून आलं, दादा. मी परत कोमिने आजींकडे गेलो आणि पाच चाळीसच्या बसपासून सगळं त्यांच्यासमोर ओकून टाकलं. आजींनी ऐकून घेतलं आणि अशा खवळल्या की काय सांगू! 'अहो, भाऊ रुसलाय आणि त्याच्याकडे जायचंय, एवढं सरळ सांगायला काय झालं होतं तुम्हाला? स्की कशाला घातलीत मध्ये? माणसाला भेटायला आम्ही चालतसुद्धा आलो असतो!' असं म्हणून त्यांनी बूट चढवले आणि काल सकाळी पाटीबिटी न घेता स्वतः सगळी गल्ली फिरल्या. दुपारच्या चहाला परत आल्या तेव्हा अठराच्या अठरा होकार. या खेपेला तोंडाने म्हटलेले.

तेव्हा सुटलो एकदाचा. मंडळी येताहेत. स्की कोणीही करणार नाही. त्यांना गरम पाण्यात बसायचंय, वहिनींचं लोणचं खायचंय आणि खिडकीशी बसून दुसरे कसे पडतात ते बघायचंय. निशिवाकी टोफू आणणार आहे (टोप नवा घेतलाय, काळजी नको). मुराकोशी लाल पोशाख घालणारच, घेतलाय म्हणून. कोणी त्यांना बचाव पथकाचा माणूस समजून हाका मारू लागलं तर तेवढं सांभाळून घे. संत्री आम्ही आणतोय.

वहिनींना नमस्कार, मिसुझुला आशीर्वाद.

तुझा धाकटा,
शिगेयोशी

ता. क. : कोमिने आजींना खालच्या मजल्यावरची खोली दे. जिना चढू नका असं मात्र सांगू नकोस, नाहीतर तुला वाईट वाटू नये म्हणून चढतील.

आणखी एक : खोल्या मी मुराकोशींच्या नावाने धरल्या हे मुराकोशींना माहीत नाही. तू त्यांचे आभार मानशील, ते काही न कळता आनंदाने स्वीकारतील. होऊ दे तसंच.

शेवटचं : वरती मी सगळं लिहिलं, पण गावाला जायचं माझ्या डोक्यात आलं कशावरून ते लिहिलं नाही. ऑक्टोबरात मला कळलं की गेल्या हिवाळ्यात छपरावरचा बर्फ ओढताना तू खाली पडलास, दोन बरगड्या मोडल्या आणि तीन आठवडे दवाखान्यात होतास. (कोणी कळवलं ते विचारू नकोस, आणि वहिनीवर ओरडू नकोस.) तू पडलास आणि मला आठ महिने पत्ता नाही. एकट्याने तुझ्या दारात यायची हिंमत नव्हती रे. अठरा पाहुण्यांच्या मागे उभा राहिलो तर तू हाकलणार नाहीस, एवढाच माझा विचार होता. सोळा तारखेला मंडळी बसने परत जातील. तू ठेवून घेतलंस तर मी जाणार नाही, बर्फ वितळेपर्यंत राहीन. स्की मला आली नाही, पण फावडं मारता येतं, सदुसष्टाव्या वर्षीसुद्धा. नाही म्हणायचं असेल तर दारात उभं करून तोंडावर म्हण, पत्राने कळवू नकोस. आणि चौदा तारखेपर्यंत छपरावर चढू नकोस, दादा. मी येतोय.